‘ऊसबिल आल्यावर देईन’: हा कागद कोर्टात किती चालेल?

प्रश्न: माझ्या चुलत दिरांना टेम्पो घ्यायला १२ मार्च २०२४ रोजी साडेचार लाख रुपये हातउसने दिले. तीन लाख बँकेतून त्यांच्या खात्यावर, दीड लाख रोख. त्यांनी शंभरच्या बाँड पेपरवर लिहून दिलं: ‘वहिनींकडून टेम्पोसाठी रुपये ४,५०,०००/- हातउसने घेतले. ऊसबिल आल्यावर होईल त्या व्याजासह परत देईन. न जमल्यास गावाकडची दोन गुंठे जागा खरेदी देईन.’ खाली त्यांची सही, दोन साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का. शिवाय एक सही केलेला कोरा चेक माझ्याकडे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी पन्नास हजार यूपीआयने परत केले, त्यानंतर काही नाही. विचारलं की म्हणतात, ‘कागद आहे ना तुमच्याकडे, मग काळजी कसली?’ आमचे मिस्टर म्हणतात, चेकवर साडेचार लाख भर आणि बँकेत टाक. ओळखीतले एक जण म्हणाले, ही प्रॉमिसरी नोटच आहे, नोटरी झाली म्हणजे पक्की. खरंच तसं आहे का? नसेल तर आता काय करू?

उत्तर: ताई, आधी चेकचं. आज तो बँकेत टाकू नका, आणि साडेचार लाख हा आकडा तर त्यावर मुळीच लिहू नका. कारण पुढे येईल.

आता कागद. ही प्रॉमिसरी नोट, म्हणजे वचनचिठ्ठी, नाही. म्हणून तो रद्दी झाला असं नाही. पैसे घेतल्याची सहीनिशी कबुली त्यात आहे आणि ती उपयोगाची आहे. पण वचनचिठ्ठीला कायदा जे खास संरक्षण देतो, ते या कागदाला मिळणार नाही.

वचनचिठ्ठी आणि चेक यांचा कायदा म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ चा. त्याच्या कलम ४ मध्ये वचनचिठ्ठी म्हणजे काय ते एका वाक्यात आहे. लेखी कागद हवा, देणाऱ्याची सही हवी, बिनशर्त वचन हवं, रक्कम नक्की हवी, द्यायचे ते फक्त पैसेच हवेत आणि ते कोणाला द्यायचे तेही नक्की हवं. यातलं एक जरी निसटलं तरी तो कागद वचनचिठ्ठी राहत नाही. एवढा काटेकोरपणा असण्याचं कारण आहे. असा कागद हातोहात फिरावा, नोटेसारखा चालावा, हीच मूळ कल्पना. तुमची चिठ्ठी उद्या मागे सही करून तुम्ही भावाला दिलीत, तर त्याला दिराची शेती, टेम्पो, घरातलं बोलणं यातलं काहीही माहीत नसताना नुसता कागद वाचून कळलं पाहिजे की कोणी, कोणाला, किती आणि केव्हा द्यायचे. त्यासाठी कागदाच्या बाहेर चौकशी करावी लागली, की तिथेच तो कमी पडला.

या कसोटीवर तुमचा मजकूर शब्दाशब्दाने तपासू.

‘हातउसने घेतले’ एवढंच लिहिलं असतं तर ती नुसती कबुली झाली असती. ‘तुमचे हजार रुपये देणं आहे’ असा नुसता कागद वचनचिठ्ठी होत नाही, हे कायद्याने उदाहरण देऊनच सांगितलं आहे. तुमच्या दिरांनी पुढे ‘परत देईन’ लिहिलं आहे, म्हणजे वचन आहे. बाजारात ‘उसनवार पावती’ नावाचे जे छापील कागद मिळतात, त्यातल्या कित्येकांत नेमकं हे क्रियापदच नसतं. तेवढ्यापुरते तुमचे दीर बरे.

‘ऊसबिल आल्यावर’ इथे मात्र सगळं कोसळतं. ऊस वाळू शकतो, कारखाना बिल थकवू शकतो, पुढच्या वर्षी दीर ऊस लावणारच नाहीत असंही होऊ शकतं. जी गोष्ट घडेलच असं नाही तिच्यावर टांगलेलं वचन सशर्त असतं. कायद्यातलंच उदाहरण आहे: ‘अमकीशी माझं लग्न झाल्यावर सात दिवसांनी ५०० रुपये देईन’ ही वचनचिठ्ठी नव्हे, कारण लग्न मोडू शकतं. याउलट ‘अमुक माणूस वारल्यानंतर अमुक दिवसांनी देईन’ हे चालतं. दिवस माहीत नसला तरी ते घडणार हे नक्की. पण त्यालाच ‘त्याने माझ्यासाठी पुरेसे पैसे मागे ठेवले तर’ अशी पुस्ती जोडली की पुन्हा बाद. कायद्याच्या नजरेत मरण बिनशर्त आहे, ऊसबिल नाही.

‘होईल त्या व्याजासह’ याने रक्कम अनिश्चित झाली. व्याज लावायला हरकत नाही. दर दिला असेल तर बेरीज पुढे कितीही होवो, रक्कम ‘नक्की’च धरली जाते. हप्ते ठरवले आणि एक हप्ता चुकला तर सगळी रक्कम एकदम द्यायची असं लिहिलं, तरीही ती नक्कीच. पण ‘होईल ते’, ‘व्यवहाराप्रमाणे’, ‘आपसात ठरेल ते’ हे शब्द कागद वाचणाऱ्याला आकडा काढू देत नाहीत. दर अजिबात लिहिलाच नसेल, तर कलम ८० प्रमाणे रक्कम द्यायला हवी होती त्या तारखेपासून वर्षाला १८ टक्के व्याज लागतं, तोंडी काहीही ठरलेलं असो. म्हणजे महिन्याला शेकडा दीड. मोघम लिहिण्यापेक्षा काहीच न लिहिणं तुमच्या फायद्याचं ठरलं असतं.

‘दोन गुंठे जागा खरेदी देईन’. वचनचिठ्ठीत फक्त पैसे. ‘५०० रुपये देईन आणि १ जानेवारीला माझा काळा घोडाही देईन’ असं उदाहरण कलम ४ खाली आहे, आणि घोड्यामुळे ती चिठ्ठी बाद ठरते. तुमच्याकडे घोड्याच्या जागी दोन गुंठे आहेत. जागेचं हे वाक्य लोकांना जास्तीची हमी वाटते. प्रत्यक्षात त्यामुळे समोरच्याच्या वकिलाला म्हणता येतं की हे कर्ज नव्हतं, जमिनीचा सौदा होता.

‘वहिनी’. नाव चुकलं किंवा नुसतं वर्णन असलं तरी माणूस नेमका कळत असेल तर कायदा ते चालवून घेतो. पण चुलत दिराला वहिनी किती? त्यावर एक साक्षीपुरावा वाढला. पूर्ण नाव लिहायला दहा सेकंद लागतात.

नोटरीचं म्हणाल, तर त्या शिक्क्याने एवढंच कळतं की त्या दिवशी त्या माणसाने सही केली. ‘सही माझी नाहीच’ असं कोणी म्हटलं तर तो उपयोगी पडतो. मजकुरातली अट नोटरीने पुसली जात नाही आणि न लावलेला स्टॅम्प लागलेला होत नाही. वचनचिठ्ठीला नोटरीही लागत नाही, साक्षीदारही लागत नाहीत. उलट साक्षीदारांत एक खोच आहे. पैसे देण्याचं बंधन घालणारा, साक्षीदाराच्या सहीचा, आणि ‘त्यांना किंवा ते सांगतील त्यांना’ असे शब्द नसलेला कागद स्टॅम्पच्या कायद्यात बंधपत्र म्हणजे बाँड ठरू शकतो, आणि त्याचं शुल्क रकमेच्या हिशोबाने लागतं. साक्षीदार हवेच असतील तर हे ‘ते सांगतील त्यांना’ चे शब्द विसरू नका.

आता स्टॅम्प. खऱ्या वचनचिठ्ठ्या जास्त करून इथेच मरतात, म्हणून जरा सविस्तर.

वचनचिठ्ठीच्या स्टॅम्पचे दर राज्य नव्हे, केंद्र ठरवतं. त्यामुळे शंभराचा की पाचशेचा बाँड पेपर, हा प्रश्नच इथे गैरलागू आहे. मागणी करताच द्यायच्या चिठ्ठीला शुल्क काही पैसेच आहे, रक्कम चार लाख असो की चाळीस लाख. म्हणून एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प पुरतो. पण तो चिठ्ठीवर सही होण्याआधी किंवा सही होताना लागला पाहिजे, आणि सही अशी हवी की अर्धी स्टॅम्पवर, अर्धी कागदावर. हा शोभेचा प्रकार नाही. चिकट स्टॅम्प पुन्हा वापरता येणार नाही असा रद्द केलेला नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो लावलेलाच नाही. सही खाली, स्टॅम्प बाजूला कोरा करकरीत, अशी चिठ्ठी म्हणजे बिनस्टॅम्पची चिठ्ठी.

याची शिक्षा जबर आहे. करारनामा, बंधपत्र असल्या कागदांना स्टॅम्प कमी पडला तर उरलेलं शुल्क आणि दंड भरून ते पुराव्यात घेता येतात. वचनचिठ्ठी आणि हुंडी यांना ती सवलत नाही. इंडियन स्टॅम्प ॲक्टच्या कलम ३५ मध्ये त्या सरळ वगळल्या आहेत. एका रुपयाचा स्टॅम्प राहिला, तर दहा हजार दंड भरायची तयारी दाखवूनही चिठ्ठी वाचली जात नाही. मग उरतो मूळ उसनवारीवरचा दावा, आणि तिथे पैसे दिल्याचा स्वतंत्र पुरावा लागतो. तुमचे तीन लाख बँकेतून गेले आहेत, तेवढं बरं. तुमचा जुना कागद करार किंवा बंधपत्र म्हणून धरला गेला तर दंड भरून तो पुढे करता येईल, त्यामुळे तो फाडू नका, त्यावर आता काही लिहू नका आणि मागाहून स्टॅम्पही चिकटवू नका. मूळ कागदात महत्त्वाचा फेरफार केलेला सापडला तर होता तो आधारही जाईल.

अजून एक फरक. ‘मागताच देईन’ ऐवजी ‘३१ मार्चला देईन’ किंवा ‘दरमहा वीस हजार देईन’ असं लिहिलं, की ती मुदतीची चिठ्ठी होते. तिचं शुल्क रकमेवर आणि मुदतीवर मोजलं जातं, तिथे एक रुपयाचा स्टॅम्प पुरत नाही. मुदत लिहून रुपयाचा स्टॅम्प लावलेल्या चिठ्ठ्या भरपूर दिसतात, आणि सगळ्या याच खड्ड्यात पडतात. म्हणून घरगुती व्यवहारात ‘मागणी करताच’ हेच शब्द वापरा. हप्त्यांचं काय ते तोंडी ठरू द्या. ‘अमुक तारखेपर्यंत दावा लावणार नाही’ असं मात्र वेगळ्या कागदावरही लिहून देऊ नका.

तसंच ‘हा कागद जो दाखवील त्याला देईन’ असं लिहू नका. १८८१ चा कायदा त्याला परवानगी देतो, पण रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यातलं कलम ३१ अशी वाहकाला देय वचनचिठ्ठी काढायला बंदी करतं. कारण उघड आहे: तसं झालं तर कोणीही घरबसल्या नोटा काढील. बेअरर चेक चालतो, बेअरर वचनचिठ्ठी नाही.

आता कामाचं. दिरांना बोलावून शिल्लक रकमेची नवी चिठ्ठी करून घ्या. जुनं देणं हा नव्या चिठ्ठीचा पुरेसा मोबदला असतो, नवे पैसे द्यावे लागत नाहीत. भाषा मराठी चालते, हाताने लिहिलेली चालते, साधा जाड कागद चालतो. मजकूर एवढाच:

‘ठिकाण ..., दिनांक ... मी, (पूर्ण नाव, वय, पत्ता), असे वचन देतो की, श्रीमती (पूर्ण नाव, पत्ता) यांना किंवा त्या सांगतील त्यांना, मागणी करताच, अक्षरी रुपये चार लाख फक्त (रुपये ४,००,०००/-) आणि त्यावर आजपासून रक्कम फिटेपर्यंत द. सा. द. शे. ९ टक्के व्याज देईन. मोबदला मिळाला आहे.’

खाली रेव्हेन्यू स्टॅम्प आणि त्यावरून कागदावर उतरणारी सही. बस. नऊ टक्के हा नमुना आहे, तुमचा दर तुम्ही ठरवा. तीन-चार टक्के महिन्याचे लावायला जाऊ नका. व्याजाने पैसे देण्याचा धंदा विनापरवाना करता असा आरोप ओढवून घ्यायचं कारण नाही. एकट्यादुकट्या हातउसन्याला सावकारी म्हणत नाहीत, पण दर बघून कोर्टाच्या भुवया उंचावतात.

या मजकुरात भर घालायचा मोह आवरा. टेम्पोचा उल्लेख नको, उसाचा नको, जागेचा नको. ‘१२ मार्च २०२४ च्या उसनवारीपैकी बाकी’ एवढं लिहिलं तर बिघडत नाही, कारण देणं कशाचं ते सांगणं म्हणजे अट घालणं नव्हे. पण ‘त्यातून माझं काही येणं असेल ते वजा करून’ हे शब्द आले की रक्कम पुन्हा लटकली. अक्षरी आणि आकडी रकमेत फरक पडला तर अक्षरी धरली जाते, म्हणून अक्षरी आधी लिहा, मग आकडा. खाडाखोड झाली तर दुरुस्ती करत बसू नका, सरळ दुसरा कागद घ्या. दिरांच्या मुलाची किंवा भावाचीही जबाबदारी हवी असेल तर त्याने साक्षीदार म्हणून नव्हे, ‘आम्ही एकत्र आणि स्वतंत्रपणे वचन देतो’ अशी सही करायला हवी. साक्षीदार पैसे द्यायला बांधील नसतो.

‘व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतो’ असं ते म्हणाले तर ते घ्या, जपून ठेवा, पण चिठ्ठीच्या बदली नको. खाजगी माणसांमधली वचनचिठ्ठी अजून कागदावरच होते. इलेक्ट्रॉनिक चिठ्ठीची मोकळीक २०२२ मध्ये मिळाली ती बँकांसारख्या नियमनाखालच्या संस्थांना.

एवढं सगळं कशासाठी, तर नियमात बसणारी चिठ्ठी हातात असली की १८८१ च्याच कायद्याच्या कलम ११८ प्रमाणे मोबदला मिळाला होता असं कोर्ट गृहीत धरतं. पैसे दिले नव्हतेच हे सिद्ध करण्याचं ओझं दिरांवर जातं. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजर व्हावं लागतं, आणि पुढे बचाव करायलाही कोर्टाची परवानगी मागावी लागते. निश्चित रकमेच्या इतर लेखी करारांवरही असा दावा होतो, पण तुमच्या जुन्या कागदातलं ऊसबिल आणि दोन गुंठे पाहून बचावाची परवानगी सहज मिळेल.

मुदतीकडे बघा. उसनवारीच्या दाव्याला पैसे दिल्यापासून तीन वर्षं मिळतात. तुमच्या बाबतीत सुरक्षित हिशोब १२ मार्च २०२७. ‘ऊसबिल आल्यापासून मोजू’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, आधीची तारीख धरून चाला. पन्नास हजार परत आले म्हणून तीन वर्षं पुन्हा सुरू झाली, असाही समज असतो. अंशतः परतफेडीने मुदत नव्याने सुरू होते खरी, पण त्या परतफेडीची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असावी लागते. यूपीआयच्या स्क्रीनशॉटवर ती आहे का, यावर वाद घालण्यापेक्षा ‘नोव्हेंबर २०२४ मध्ये ५०,००० दिले, चार लाख बाकी’ एवढी ओळ तारीख घालून सहीने घ्या, आणि ती तीन वर्षं संपायच्या आत घ्या. मुदत संपल्यावरच्या नुसत्या कबुलीने ती पुन्हा जिवंत होत नाही. तेव्हा मग पैसे देण्याचं नवं लेखी, सहीचं वचनच लागतं. नवी मागणी चिठ्ठी झाली तर तिच्या तारखेपासून स्वतंत्र तीन वर्षं मिळतील. तुम्ही मागणी कधी केलीत ते इथे बघत नाहीत. मागणी चिठ्ठीचं घड्याळ ती लिहिल्या दिवशीच चालू होतं.

आता चेक. स्वखुशीने सही करून कोरा दिलेला चेक घेणाऱ्याने भरला म्हणून तो बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे तारीख, नाव, रक्कम तुम्ही भरू शकता. पण भरायची ती देणं असेल तेवढीच. पन्नास हजार परत आल्यावर साडेचार लाखांचा चेक टाकलात आणि तो न वटता परत आला, तर चेकवरची पूर्ण रक्कम देणं नव्हतीच, म्हणून चेक न वटल्याचा, त्याच कायद्यातल्या कलम १३८ चा गुन्हा होत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच ठरवलं. मिस्टरांचा सल्ला ऐकला असता तर चांगली केस स्वतःच्या हाताने बुडवली असती. चेक लावायची वेळ आलीच तर आकडा चार लाख. व्याज त्यात मिसळू नका, कारण जुन्या कागदात व्याजाचा दरच नाही.

चेकवर घातलेल्या तारखेपासून तो तीन महिने चालतो. पूर्वीची सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०१२ पासून गेली. म्हणून तारीख बँकेत टाकायच्या सुमारासच घाला. आणि एकदा नीट लिहा: तारीख सोडली तर चेकवर केलेली दुरुस्ती, शेजारी सही असली तरी, क्लिअरिंगमध्ये चालत नाही.

चेक परत आला तर पुढचं सगळं दिवस मोजून करायचं. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. नोटिशीत चेकवरचीच रक्कम मागा. वकिलाची फी, व्याज वेगळं लिहायचं असेल तर ते स्पष्टपणे वेगळं दिसू द्या. मुख्य आकड्यात एक शून्य चुकलं तरी नोटीस अवैध ठरू शकते. नोटीस मिळाल्यावर त्यांना १५ दिवस. ते १५ दिवस संपायच्या आत केलेली तक्रार चालत नाही. संपल्यापासून एक महिन्यात, तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खटला चालू असताना आरोपीने गुन्हा नाकारला की कोर्ट रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं. नात्यातल्या माणसावर हे करायचं का, ते तुमच्या घरचं. पण चिठ्ठी मागताना चेक तुमच्या कपाटात आहे एवढी आठवण बहुतेक वेळा पुरते.

राहिला दीड लाख रोखीचा प्रश्न. २०,००० किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही आणि तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, तो घेणाऱ्याला. दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं आणि करपात्र उत्पन्न कोणालाच नाही, तर सूट आहे. रोखीने दिलं म्हणून देणं बुडत नाही. चेकच्या खटल्यात असा बचाव चालणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं. अडचण पुराव्याची आहे. ते दीड लाख तुम्ही बँकेतून काढले असतील तर त्या दिवसाचा उतारा काढून ठेवा. परतफेडही बँकेतूनच घ्या, रोखीच्या परतफेडीलाही तीच मर्यादा आहे.

दिरांनी नवी चिठ्ठी द्यायला टाळाटाळ केली तर २०२६ च्या दिवाळीनंतर वाट बघत बसू नका. जुना मूळ कागद, तीन लाखांचा बँकेचा उतारा, यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं एवढं घेऊन दिवाणी वकिलाकडे जा आणि जानेवारीअखेर दावा दाखल होईल असं बघा.

आणि चिठ्ठी झालीच, तर मूळ प्रत तुमच्याकडे, झेरॉक्स त्यांच्याकडे. पैसे थोडे थोडे आले की प्रत्येक वेळी चिठ्ठीच्या मागे रक्कम, तारीख आणि दिरांची सही घ्या. ही सही त्यांची हवी, तुमची नव्हे. घरोघरी ही उलटी होते. सगळे फिटले की मूळ चिठ्ठी आणि तो चेक दोन्ही परत मागण्याचा हक्क त्यांचा आहे, त्या दिवशी दोन्ही देऊन टाका.